सराव आणि निव्वळ खेळ यांत फरक आहे
संगणकावरील मेंदूचा सराव, म्हणजे लक्ष, स्मरण अशा क्षमतांसाठीचे व्यायाम, हा निव्वळ खेळ आहे असे काही जण म्हणतात; ते मत मला पटत नाही. डोक्याला मार लागून त्रास टिकून राहिलेल्या अमेरिकी आजी-माजी सैनिकांवरील, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ८३ जणांपैकी एका गटाला सराव आणि दुसऱ्याला खरोखरच साधे संगणकीय खेळ दिले होते. १३ आठवडे, आठवड्यातून ५ दिवस, रोज तासभर. आकलनाच्या कसोट्यांत सरावाचा गट सरस ठरला.

माझे मामा सैन्यातून निवृत्त होऊन रावेरला केळी करतात. जुन्या दुखापतीमुळे ठिबकचा कोणता व्हॉल्व्ह उघडला हेच ते विसरतात, म्हणून मामी पंपघराच्या दारावर खडूने लिहून ठेवतात. कसोटीतले गुण शेतापर्यंत पोहोचतीलच असे नाही. त्यामुळे डॉक्टरांना विचारून सराव सुरू करायचा, पण खडूही चालू ठेवायचा, असे आम्ही ठरवले आहे.