अणुभट्टीचे भाग कापायला साधी मशीन करायची तर काय धरावं, काय सोडावं?

शेवटचं_वर्ष
नमस्कार मंडळी, मेकॅनिकलला आहे, प्रोजेक्टला विषय घेतलाय बंद झालेल्या अणुभट्टीच्या आतले स्टेनलेसचे भाग कापायची मशीन. जे वाचतोय त्यात सगळीकडे सहा अ‍ॅक्सिसचा रोबोट, लेसर, दहा कॅमेरे. गाईड म्हणतात साधं कर, पण साधं म्हणजे नेमकं काय ते विचारलं की विषय बदलतात. माझ्या डोक्यात अ‍ॅब्रेसिव्ह वॉटरजेट आहे, म्हणजे गार्नेटची वाळू घालून हाय प्रेशर पाणी, कारण उष्णता नाही, ठिणगी नाही, पातं बदलायची भानगड नाही आणि पाण्याखाली चालतं. बरोबर चाललोय का, की मुळातच चुकतंय?

पाना_नंबर_तेरा
वॉटरजेट कापतं झकास, त्यात वाद नाही. पण ती वाळू कापल्यावर जाते कुठे ते आधी सांग. साध्या वर्कशॉपमध्ये टाकीच्या तळाला बसते आणि आपण फावड्याने काढून फेकतो. इथे तीच वाळू किरणोत्सर्गी धातूची पूड अंगाला लावून पाण्यात फिरते. म्हणजे जेवढा धातू काढलास त्याच्या कितीतरी पट कचरा तू स्वतःच्या हाताने आत ओतलास, वर पाणी गढूळ झालं की कॅमेऱ्याला काही दिसत नाही आणि काम थांबतं. वॉटरजेटने मोठ्या भट्ट्यांचे आतले भाग कापलेत, नाही असं नाही, पण वाळू गोळा करायची यंत्रणाच एक वेगळा प्रोजेक्ट होऊन बसते.

बेल्जियममध्ये मोल इथे बीआर-३ नावाची छोटी भट्टी होती, 1987 ला बंद केली. तिथे आतल्या थर्मल शील्डवर (भट्टीच्या आतलं किरणं अडवणारं स्टेनलेसचं कवच) प्लाझ्मा, स्पार्क इरोजन (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणं) आणि साधं दातेरी पातं अशा तिन्ही पद्धती पाण्याखाली घालून बघितल्या आणि शेवटी कौल पात्याला मिळाला. वेग हे कारण नव्हतं, पात्याचा कीस जाड असतो, खाली बसतो, उचलता येतो, हे कारण होतं. त्यामुळे कशाने कापू हा तुझा प्रश्न दुसरा. कापलेला भुगा कसा उचलू हा पहिला.

झोत
तेरा नंबर, सगळं मान्य, पण लेसरला लोक उगाच नावं ठेवतात. पातं म्हणजे रेटा आला, रेटा आला की हात दणकट पाहिजे आणि दणकट हात म्हणजे मशीन जड. लेसर भागाला शिवतच नाही त्यामुळे बारीक सापासारखा हातसुद्धा चालतो, इंग्लंडात विनफ्रिथच्या ड्रॅगन भट्टीत असाच सापासारखा हात आत घालून कापलंय. फ्रान्समध्ये मार्कूलला पण जुने डिझॉल्व्हर (वापरलेलं अणुइंधन विरघळवायची भांडी) लेसरने कापले. साधेपणा म्हणजे कमी हलणारे भाग असं धरलं तर लेसरचं डोकं सगळ्यात साधं आहे.

पाना_नंबर_तेरा
डोकं साधं आहे रे, त्याच्या मागचं सगळं नाही. धूर फिल्टरमध्ये बसणार, फिल्टर तुंबले की तेच नवीन कचरा. आणि भाग कापून झाला की झोत थांबत नाही, मागे जे असेल त्याला लागतो, मग मागे अडोसा लावायला परत कुणीतरी आत हात घालायचा. अरुंद जागेत, जिथे पातं पोचतच नाही, तिथे लेसर घ्या, मी आडवा येणार नाही. पण शिकाऊ पोरानं पहिल्या मशीनला घेऊ नये.

गढूळ_पाणी
मी पाण्याखालच्या कटिंगच्या टूलिंगवर बरीच वर्षं काढलीत (अणुभट्टीत नाही, पण हात न पोचणाऱ्या जागा त्याच), तर माझे दोन पैसे.

रेट्याचा प्रश्न झोत यांनी बरोबर काढला पण उत्तर लेसरच असं काही नाही. करवत त्या भागालाच धरून बसली पाहिजे. पाइपला क्लॅम्प करून पाइप कापायची मशीन बघितली असेल, क्लॅम्प घट्ट बसला की पात्याचा रेटा क्लॅम्पमधून परत पाइपातच जातो, बाहेरच्या हाताला काही सोसावं लागत नाही. मग हाताचं काम फक्त मशीन नेऊन ठेवणं आणि परत आणणं, त्याला क्रेनचा हुक आणि लांब दांडा पण पुरतो. अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुकेंद्रात अपघातानंतर भट्टीतला वितळलेला गाळ काढला तो बराचसा असाच, माणसं वर शील्ड केलेल्या प्लॅटफॉर्मवर उभी राहून लांब दांड्याची हत्यारं पाण्यात सोडून. तिथे 1986 ला पाण्यात सूक्ष्मजीव इतके वाढले की खालचं दिसेनासं झालं होतं, म्हणजे गढुळाला कटिंगच लागतं असंही नाही.

दुसरं, स्टेनलेस. पातं नुसतं घासलं गेलं की पृष्ठभाग कडक होतो आणि पुढचा दात घसरतो, मग अजून घासतं, अजून कडक होतं. म्हणून वेग कमी ठेव, फीड (पातं आत सरकवायचा रेटा) पक्का ठेव, दात प्रत्येक फेरीत आत घुसलाच पाहिजे. आणि कापता कापता आतला ताण सुटला की चीर मिटते आणि पातं चावून धरते, हे हमखास होतं. आपण हाताने काम करताना पाचर ठोकतो आणि पुढे जातो, तिथे पाचर कोण ठोकणार?

फुकुशिमाला युनिट 1 आणि 2 ची सामाईक चिमणी होती, 120 मीटरची, ती 2019 ला वरून रिमोट करवतीने कापत उतरवायला घेतली. पाती झिजली, अडकली, वेळापत्रक लांबत गेलं आणि डिसेंबरात शेवटी माणसांना क्रेनच्या पाळण्यात बसवून वर पाठवून त्या अडकलेल्या तुकड्याचा राहिलेला भाग हाताने कापावा लागला. एवढं रिमोट करून माणूस वर गेलाच. काम 2020 च्या मे मध्ये संपलं, पण मला त्या पाळण्यातल्या लोकांचंच आठवतं. त्यामुळे मशीन अडकलं की काय करणार हे ड्रॉइंगच्या पहिल्या पानावर असू दे. माझ्या हिशोबाने पातं तिथेच सोडून मशीन वर काढता आलं पाहिजे, म्हणजे पात्याची पकड वरून दोरी ओढली की सुटावी, मोटर बंद असताना पण.

शेवटचं_वर्ष
बाप रे, वॉटरजेट रद्द. मग क्लॅम्प होणारी रेसिप्रोकेटिंग करवत घेतो, हॅकसॉसारखी पुढे मागे. मोटर, सील, केबल याचं काय? सील टेफ्लॉनचे ठरवले होते, घर्षण कमी म्हणून.

गढूळ_पाणी
टेफ्लॉन अजिबात नको!! किरणोत्सर्गात ते लवकर ठिसूळ होऊन भुगा होतं, नेहमीच्या प्लास्टिकांमध्ये याबाबतीत जवळपास सगळ्यात लेचंपेचं तेच. इलेक्ट्रॉनिक्स सगळं पाण्याच्या वर ठेव, खाली फक्त लोखंड जाऊ दे, जमलं तर लांब शाफ्टने वरून फिरव. हायड्रॉलिक करणार असशील तर तेल नको, गळालं की अख्खं पाणी नासतं, पाण्यावर चालणारं हायड्रॉलिक मिळतं.

पाना_नंबर_तेरा
आणि घाई कमी आहे हेही लक्षात घे. अशा स्टेनलेसमध्ये किरणांच्या डोसला मोठा वाटा कोबाल्ट-60 या किरणोत्सर्गी कोबाल्टचा, त्याचं अर्धायुष्य 5.27 वर्षं. दहा वर्षं थांबलं तर तो साधारण एक चतुर्थांश राहतो. स्लो पण न अडकणारी करवत इथे चालते.

बोल्ट कॅप्टिव्ह घे, म्हणजे सैल झाला तरी प्लेटमधून निसटणार नाही. टाकीत पडलेला एक बोल्ट शोधण्यात आमची अख्खी दुपार गेलीय, आणि त्या टाकीत साधं पाणी होतं.

शेवटचं_वर्ष
ओके काका. आधी पाण्याच्या टाकीत स्टेनलेसचा पाइप मुद्दाम वाकवून ताणात ठेवतो आणि पातं जाणूनबुजून अडकवून बघतो. डबल ग्लोव्हज घालून तीन मीटरच्या दांड्याने सोडवता आलं तरच पुढचं ड्रॉइंग.

गढूळ_पाणी
आणि टाकीत थोडी माती कालव. स्वच्छ पाण्यात सगळ्यांचंच सुटतं.