मिशिगनचे निकाल : तुम्ही ती रात्र कशी काढलीत?

अध्यक्ष कोण झाला हे जगाला कळतं. पण आपले रस्ते, शाळा, दवाखाने यांचं काय होणार, हे राज्याच्या राजधानीत, लान्सिंगला, आणि काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, आपल्या भागातून कोण गेलं यावर ठरतं. 2022 मध्ये मिशिगनमध्ये ग्रेचन व्हिटमर पुन्हा गव्हर्नर झाल्या. राज्याचं प्रतिनिधीगृह 56-54, सिनेट 20-18 असं अगदी काठावर त्यांच्याच पक्षाकडे, डेमोक्रॅट्सकडे आलं. तिन्ही एका पक्षाकडे येण्याची जवळपास 40 वर्षांतली ती पहिलीच वेळ. दोनच वर्षांत प्रतिनिधीगृह 58-52 असं रिपब्लिकनांकडे गेलं. प्रचार, रांग, मोजणी, नुसतं टीव्हीपुढे बसणं, जे अनुभवलंत ते लिहा.

नोव्हाय
8 नोव्हेंबर 2022 ला मी मतदान केंद्रावर कामाला होते. पहाटे साडेपाचला निघाले तर चंद्र तांबडा. त्रिपुरी पौर्णिमा आणि खग्रास ग्रहण! ग्रहणात बाहेर पडू नये म्हणणारी आई आठवली, पण सहाला हजेरी होती.

रात्री आठला दार लावलं. मशीननं घेतलेल्या मतपत्रिका आणि मतदारांनी भरलेल्या अर्जाच्या चिठ्ठ्या यांचा आकडा जुळावाच लागतो. एक चिठ्ठी कमी! मी डेमोक्रॅट म्हणून नोंदलेली, शेजारच्या आजी रिपब्लिकन. दोघी पुन्हा मोजायला बसलो. तिसऱ्या खेपेला एकमेकींना चिकटलेल्या दोन चिठ्ठ्या सापडल्या. आजींनी माझा हात घट्ट दाबला. मग मशीनमधून किराणाच्या बिलासारखी लांबलचक पट्टी निघाली, तिच्यावर आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या. मतं चोरली असं कुणी सहज बोलून गेलं की मला अजून राग येतो.

बेळगाव
माझा मुलगा डेट्रॉइटला असतो. श्री ठाणेदार आमच्या बेळगावात वाढलेले. 2018 ला गव्हर्नरपदाच्या उमेदवारीत ते तिसरे आले, 2020 ला राज्याच्या प्रतिनिधीगृहात गेले, 2022 ला डेट्रॉइटच्या 13व्या मतदारसंघातून थेट काँग्रेसमध्ये. मी आळीभर कुंदा वाटला. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, कुंदा वाट, पण हेही ऐक." ऑगस्टमध्ये उमेदवार ठरवणाऱ्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत नऊ जण होते, मतं फुटली आणि सुमारे 28 टक्क्यांवर ठाणेदार जिंकले. शहर कृष्णवर्णीय बहुसंख्येचं, आणि जवळजवळ 70 वर्षांत पहिल्यांदाच तिथून कृष्णवर्णीय खासदार नाही. त्याच्या शेजारच्या काकू निकालानंतर दोन दिवस गप्प होत्या म्हणे. सीमाभागात जन्म गेला माझा. आपलं म्हणणं मांडणारा आपला माणूस सभागृहात नसला की काय वाटतं, हे मला कुणी सांगायला नको. आनंद खराच होता, पण त्या काकूही डोक्यातून जाईनात.

स्टर्लिंग हाइट्स
2022 ला काँग्रेसच्या 10व्या मतदारसंघात डेमोक्रॅट कार्ल मार्लिंगांसाठी दारोदार फिरलो. रिपब्लिकन जॉन जेम्स सुमारे 1,600 मतांनी जिंकले. शेवटच्या शनिवारी अंधार पडला म्हणून एक गल्ली सोडली होती. आजही तिथून गाडी नेताना वेग कमी होतो.

कँटन
वीस वर्षं इथे कर भरतोय, पण ग्रीन कार्डच्या रांगेत असल्यानं मत नाही. मुलगी इथेच जन्मलेली, 2022 चं तिचं पहिलं मत. ती अ‍ॅन आर्बरला शिकते. मतदानाच्या दिवशीच नाव नोंदवून मत देता येतं, ही सोय 2018 च्या जनमतानं आली. विद्यापीठाच्या कलासंग्रहालयातल्या केंद्राबाहेर पोरांची ही रांग! आठ वाजता जो रांगेत उभा आहे त्याला मत देता येतंच, म्हणून ती हटली नाही. गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घालणारा तिसरा प्रस्ताव तिच्या जिव्हाळ्याचा होता. 1931 चा बंदीचा कायदा पुन्हा डोक्यावर नको, एवढंच ती म्हणायची. थांबल्या थांबल्या फोनवर आम्ही उमेदवारांची यादी वाचली, न्यायाधीश आणि विद्यापीठाचा कारभार पाहणाऱ्या रीजंटांपर्यंत. एकेका नावाला ती विचारायची, "बाबा, तुम्ही कुणाला दिलं असतंत?"

मध्यरात्र उलटून गेल्यावर तिचा मेसेज आला, "दिलं." बायकोनं आमटी पुन्हा गरम केली आणि आम्ही जेवायला बसलो.