शब्दचर्चा : डॉक्टरांच्या 'बर्नआउट'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न, टिळकवाडी, बेळगाव
रेसिडेंट, म्हणजे पुढचं शिक्षण घेत रुग्णालयात ड्यूटी करणाऱ्या डॉक्टरांसाठी मराठी-कन्नड पत्रक काढतोय. 'बर्नआउट'साठी काय लिहू? 'थकवा' तोकडा वाटतो.

निवृत्त शिक्षक, खानापूर
शीण झोप झाली की जातो. उबग झोपून जात नाही. 'या कामाला जीवच उबगलाय' असं कुणी म्हणालं तर तिथं चार दिवसांची रजा पुरत नाही. आपल्याकडं मराठी बोलताना मधेच कन्नड 'साकागिदे' (पुरे झालं) म्हणतात, त्यातही हाच नकोसेपणा आहे. पत्रकात 'उबग' घ्या.

मेडिसिनची रेसिडेंट, बेळगाव
सर, उबग बरोबर आहे, पण त्यात एकच बाजू येते. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांच्या बर्नआउट मोजायच्या 1981 च्या मोजपट्टीत तीन बाजू आहेत : मन रितं होणं, रुग्णाशी कोरडेपणानं वागणं आणि आपल्या हातून काही भलं होत नाही असं वाटत राहणं. दुसरी चटकन ध्यानात येत नाही. सलग दुसऱ्या रात्री ड्यूटीवर असलेला एक सहकारी राऊंडला म्हणाला, 'सात नंबरची शुगर चारशे.' सात नंबरवर चंदगडच्या आजी होत्या. त्या त्याच्या तोंडाकडं बघत होत्या, तो फाइलमधून मान वर काढेना. माणूस मुळात फार मायाळू, म्हणून जास्त वाईट वाटलं.

'खचणं', 'ढेपाळणं' मात्र कृपा करून नको. त्यानं डॉक्टरच कच्चा ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेनं आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ आटोक्यात न आल्यानं होणारी अवस्था, अशी तिथली नोंद आहे. मग उपायही कामातच शोधायला हवा. केंद्राच्या 1992 च्या रेसिडेन्सी योजनेत सलग ड्यूटी साधारण 12 तास, आठवड्याला सरासरी 48 तास आणि एक सुटी असं लिहिलंय. तेवढं पाळलं तरी पुष्कळ होईल. नाइटनंतर खरोखरचा ऑफ, विम्याच्या क्लेमचे कागद भरायला वेगळा माणूस, कॅज्युअल्टीत नातेवाइकांचा दंगा आवरायला सिक्युरिटी. योगाची शिबिरं चांगलीच, पण ती ऑफच्या दिवशी ठेवतात!

वाचक, निपाणी
'होरपळ' कसा वाटतो? 'डॉक्टर खचले' म्हटलं की डॉक्टरांकडं बोट जातं. 'ड्यूटीनं डॉक्टर होरपळले' म्हटलं की ड्यूटीकडं जातं.

मेडिसिनची रेसिडेंट, बेळगाव
हाच घ्या, दादा. शेजारी 'बर्नआउट'ही राहू दे, वॉर्डात तोच बोलतात. आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर मोठ्या अक्षरांत छापा. तिथं रात्री-अपरात्रीही फोन लागतो, पैसे पडत नाहीत. झोप उडाली, जगणंच नकोसं झालं असं वाटू लागलं, तर सुटी मंजूर व्हायची वाट बघत बसू नये, तडक फोन करावा.

प्रश्न विचारणारा, टिळकवाडी
ठरलं, 'कामाची होरपळ'. नंबर पहिल्या पानावर टाकतो. कन्नड मजकूर कुणी नजरेखालून घालून देईल का?