घर हलवताना इन्सुलिन कसं न्यायचं?

प्रश्न: मे महिन्यात इंदूरहून बडोद्याला दांडिया बाजारात बिऱ्हाड हलवतोय. फ्रिज ट्रकमधून येणार. आईच्या इन्सुलिनचं काय करावं?

उत्तर १: न उघडलेल्या कुप्या 2 ते 8 अंशांत हव्यात. बर्फाच्या थर्मासात न्या, पण टॉवेलात गुंडाळून. बर्फाला टेकून गोठली की कुपी बाद. वितळल्यावर दिसते धड, पण भरवसा नाही. गाडीच्या डिकीत तर नकोच, ती भट्टीसारखी तापते.

उत्तर २: फ्रिज आडवा आणला तर लगेच लावू नका हो! कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत उतरलेलं असतं. एक दिवस उभा ठेवा. तोवर कुपी कोरड्या डब्यात घालून डबा माठातल्या पाण्यावर तरंगता ठेवा.

उत्तर ३: वापरातलं पेन 30 अंशांखाली साधारण 4 आठवडे चालतं. खोक्यावरची मुदत पाहा. एरवी स्वच्छ दिसणारं औषध गढूळ झालं, तर टोचू नका.