अनुभव धागा: तुमची गल्ली नव्या गावात पोचली का?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या किल्लारी भूकंपाबद्दल पुष्कळ लिहून झालंय. मला त्यानंतरचं ऐकायचंय. लातूर-उस्मानाबादची ५२ गावं जुनी जागा सोडून नव्या जागी वसली. तिथं काय गेलं, काय राहिलं, ते लिहा. सुरुवात मीच करतो.

आमचं घर औसा तालुक्यात, सात खणांचं. दोन-दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. दरवर्षी पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती टाकायची, म्हणजे गळत नाही. वर्षानुवर्षं साठलेलं तेच ओझं त्या पहाटे अंगावर आलं. पण त्याच माळवदावर उन्हाळ्यात अख्खी गल्ली झोपायची. आजी विरजणाची वाटी घेऊन खाली न उतरताच तीन घरं ओलांडायची.

नव्या गावात घर मिळालं ते सातबारा बघून. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४५०, त्याच्या वर ७५०. आमच्याकडे एका मापाची घरं एका रांगेत आली. काकांचा सातबारा वेगळा, म्हणून काका गावाच्या दुसऱ्या टोकाला. आजीनं एकदा वाटी घेऊन जाऊन बघितलं. परत आल्यावर म्हणाली, "दही वाटंतच लागलं."

लोहारा तालुका:
माळवदाच्या आठवणी वाचल्या. आमच्याकडं माळवद नव्हतंच, कुडाचं घर होतं, वेशीच्या बाहेर. म्हणून तर वाचलो. कूड पडला, वरचं पाचट पडलं, झटकून उठलो. उजाडल्यावर ज्यांच्या ढाळजेत, म्हणजे दारातल्या ओसरीतसुद्धा, आम्हाला पाय ठेवता येत नव्हता, त्यांच्या घरची माणसं आमच्या बापानं दगडाखालून काढली. २५० फुटांचं का होईना, पक्कं घर आम्हाला पहिल्यांदाच मिळालं. जुनं गाव चांगलं होतं म्हणणाऱ्यांनी ते कुणासाठी चांगलं होतं हेही लिहावं.

धागाकर्ता:
बरोबर बोललात. मी ते लिहायला हवं होतं.

सासर किल्लारी:
मी लग्न होऊन आले ती नव्या गावातच. रुंद रस्ते, घरापुढं मोकळी जागा, मला काही वाईट वाटलं नाही. नवल एकाच गोष्टीचं वाटलं. चांगलं सिमेंटचं घर सोडून सासूबाई बाजूच्या पत्र्याच्या शेडात झोपायच्या. पत्रा पडला तर माणूस मरत नाही, एवढंच म्हणायच्या. घरात ज्वारीची पोती आणि शेडात माणसं! आणि संडासात गोवऱ्या. (हसू नका, बऱ्याच घरांत हेच होतं.)

सध्या पुणे:
मी तेव्हा दुसरीत. पत्र्याच्या तात्पुरत्या वसाहतीतला उन्हाळा अजून आठवतो, दुपारी पत्र्याला हात लागला की चटका. नव्या गावात आल्यावर सगळी घरं सारखी. पहिल्या आठवड्यात मी दोनदा दुसऱ्याच्याच घरात शिरलो. मग वडिलांनी दाराच्या चौकटीला गेरूचा पट्टा मारून दिला. आठ दिवसांत रांगेतल्या सगळ्यांनी गेरूचे पट्टे मारले.

उमरगा तालुका:
आमची आई शेळ्या जुन्या गावठाणातच न्यायची. तिथं आता सगळ्या बाभळी. पण ती सांगताना म्हणणार, "मारुतीच्या मागं बसले होते," "पाटलाच्या वाड्यात शेळी घुसली." ना वाडा, ना मारुतीचं देऊळ. मूर्ती तर कधीच नव्या गावात आणलेली. आम्हाला मात्र शेळी कुठं घुसली ते नेमकं कळायचं.

धागाकर्ता:
जुन्या घरातलं काही कुणाकडं आहे का अजून?

लोहारा तालुका:
आमचं काय राहणार, कूड तो. पण वाड्यांचे दगड कुणी कुणी आणले होते, त्यातला जोत्याचा एक आमच्या दारात आहे. चांगला घडीव आहे. धुणं धुतो त्याच्यावर.