जलद प्रवेश आणि रांगेचे गणित
जलद प्रवेशाचे, म्हणजे वेगळ्या छोट्या रांगेतून आत सोडणारे तिकीट काढले की थीम पार्कमधील गर्दीचा प्रश्न मिटतो, असे अनेकदा म्हटले जाते; हे मत मला अर्धेच पटते. एखाद्या राइडची २४ जणांची गाडी दर दोन मिनिटांनी सुटत असेल, तर तासाला ७२० माणसेच बसणार. त्यामुळे डिस्नेने १९९९ मध्ये आणलेल्या फास्टपाससारख्या सोयीने एकूण क्षमता वाढत नाही, थांबणे तेवढे साध्या रांगेकडे सरकते. त्यापेक्षा दार उघडताच आत शिरून सर्वांत मागणी असलेली राइड आधी उरकणे मला शहाणपणाचे वाटते. लहान मुले बरोबर असल्यास उंचीची अट मात्र घरीच तपासावी, कारण पाऊण तास ताटकळल्यावर मापपट्टीपाशी दोन बोटे कमी भरलेल्या, टाचा उंचावून पाहणाऱ्या मुलाची समजूत काढणे (हे मी केलेले आहे) फार जड जाते.