अमेरिकी कॉमिक्स आणि मुली: दोष चित्राचा की दुकानाचा?

रेघोटी

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मागच्या महिन्यात अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन गावातल्या कॉमिक्सच्या दुकानात गेले होते. दारासमोरच्या कपाटात जेमतेम वस्त्रे ल्यायलेल्या नायिकांच्या मूर्ती ओळीने मांडल्या होत्या आणि गल्ल्यावरच्या माणसाने तिला पहिला प्रश्न विचारला तो असा, की भावासाठी काही हवे आहे का. पाच मिनिटांत तिने माझा हात ओढला आणि आम्ही बाहेर पडलो. याच मुलीने शाळेतल्या पुस्तक प्रदर्शनात घेतलेले रैना टेल्गेमायर यांचे ‘स्माइल’ इतक्या वेळा वाचले आहे, की त्याची पाने शिवणीतून सुटली आहेत. पुढचे दात गमावलेल्या सहावीतल्या मुलीची ती आत्मकथा आहे, आणि ते सुद्धा कॉमिक्सच आहे.

कॉमिक्समधल्या स्त्रियांचा विषय निघाला की चर्चा पोशाखापाशी येऊन थांबते. पोशाखाचा प्रश्न खोटा नाही. परंतु मला असे वाटते, की मुली जिथे सहज जातात ती जागा अमेरिकी प्रकाशकांनी आधी सोडली आणि चित्रण त्यानंतर अधिक बिघडत गेले. जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी 1947 मध्ये ‘यंग रोमान्स’ सुरू केले आणि त्याच्या यशामागोमाग प्रेमकथांच्या अंकांची लाटच आली. हे अंक वर्तमानपत्रांच्या टपऱ्यांवर आणि औषधांच्या दुकानांत मिळत, म्हणजे शाळेतून घरी जाणाऱ्या मुलीच्या वाटेवरच. 1970च्या दशकात फिल सुलिंग यांनी नवी विक्रीपद्धत रूढ केली. त्या पद्धतीत खास कॉमिक्सच्या दुकानदाराला सवलत जास्त मिळे, मात्र न खपलेला अंक परत करता येत नसे. साहजिकच दुकानदार हमखास गिऱ्हाईक जे नेईल तेवढेच मागवू लागला, आणि ते गिऱ्हाईक बहुधा तरुण पुरुष असे. दुकानांनी किती प्रती मागवल्या यावरच प्रकाशक मालिकेचे भवितव्य ठरवत असल्यामुळे, जी मुलगी त्या दुकानात गेलीच नाही तिची आवड त्यांच्या हिशेबात कधी धरलीच गेली नाही.

शाईची बाटली

रेघोटीताई, मला हे पटत नाही. अलेक्झांड्रा डेविटला कोणा दुकानदाराने मारले नाही. ‘ग्रीन लँटर्न’च्या 1994 सालच्या 54व्या अंकात नायक घरी येतो, फ्रिज उघडतो आणि आत त्याला प्रेयसी अलेक्झांड्राचे प्रेत कोंबलेले दिसते. तिचे मरण तिच्या कथेचा शेवट म्हणून येतच नाही, नायकाला संताप यावा एवढ्यासाठीच ते घडवलेले आहे. 1999 मध्ये गेल सिमोन यांनी अशा मारलेल्या, पंगू केलेल्या आणि शक्ती हिरावून घेतलेल्या स्त्री-पात्रांची यादी केली, तेव्हा ती भरपूर लांब झाली. 1988 मध्ये बॅटमॅनचा शत्रू जोकर याच्या गोळीने बॅटगर्ल बार्बरा गॉर्डन चाकाच्या खुर्चीत बसली, तीही वडिलांना वेडे करण्यासाठी. पुढे किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या लेखकांनी तिला ‘ओरॅकल’ या, माहितीच्या बळावर लढणाऱ्या नायिकेच्या रूपात उभे केले, हे त्या दोघांचे मोठेपण.

आणि दुकान हाच अडसर असता, तर 2011 मध्ये तो दूर झालाच होता. सुपरमॅन-बॅटमॅनच्या डीसी या प्रकाशन संस्थेने त्या सप्टेंबरात 52 मालिका पहिल्या अंकापासून सुरू केल्या आणि प्रत्येक अंक त्याच दिवशी संगणकावरही उपलब्ध करून दिला. टीव्हीवरच्या ‘टीन टायटन्स’ या कार्टून मालिकेमुळे तिच्यातली नायिका स्टारफायर कितीतरी मुलींची लाडकी झालेली होती. त्यांनी कुतूहलाने अंक उघडला असेल, तर त्यांना दिसली ती बिकिनीत उभी असलेली, जुन्या सोबत्यांना जवळजवळ विसरलेली आणि परिचय झाल्याबरोबर शय्यासोबतीचा प्रस्ताव मांडणारी स्टारफायर. वाचक उंबऱ्यापर्यंत आलेली असताना तिच्यासमोर काय ठेवायचे, हा निर्णय सर्वस्वी लेखक, चित्रकार आणि संपादक यांचा होता.

जुना अंक

तीस वर्षे वाचतो आहे, म्हणून दुकानांच्या बाजूने बोलणे मला कर्तव्य वाटते. टपऱ्यांवरचा खप कोसळत असताना याच दुकानांनी हा व्यवसाय जगवला. वेंडी आणि रिचर्ड पिनी यांचे ‘एल्फक्वेस्ट’ 1978 पासून याच दुकानांतून खपले. त्याची चित्रे एका स्त्रीने काढलेली होती आणि त्याला स्त्री-वाचकही पुष्कळ लाभल्या. तेव्हा दुकानच मुलींना बाहेर ठेवते, हे सरसकट विधान टिकत नाही.

चित्रांविषयी म्हणाल, तर सुपरमॅनची छाती तरी कुठल्या माणसाची असते? अतिशयोक्ती हा या कलेचा प्राणच आहे. 2014 मध्ये मिलो मानारा यांनी ‘स्पायडर-वुमन’साठी काढलेल्या पर्यायी मुखपृष्ठावर केवढे वादळ उठले! नेहमीच्या मुखपृष्ठाचा अंकही निघाला होताच. ज्याला नको त्याने तो घ्यावा.

रेघोटी

‘एल्फक्वेस्ट’चा मुद्दा मी मान्य करते, तो माझ्या विचारातून निसटला होता. सुपरमॅनचा मात्र नाही. मानारा यांचे ते चित्र पुन्हा पाहा: नायिका इमारतीच्या कठड्यावरून गच्चीवर येते आहे, ओणवी, नितंब उंचावलेले, आणि पोशाख कापडाचा वाटतच नाही, कातडीवर रंग फासल्यासारखा दिसतो. सुपरमॅनची छाती पाहणाऱ्या मुलाला तसे व्हावेसे वाटते. हे चित्र पाहून कोणत्या मुलीला कोण व्हावेसे वाटेल? अतिशयोक्ती दोन्हीकडे आहे, पण दोन्हीकडे ती पुरुष वाचकासाठीच केलेली आहे.

शाईची बाटली, 2011 विषयी तुमचे बरोबर आहे. तिथे माझे म्हणणे तोकडे पडते. पण त्याआधीचा डीसीचाच ‘मिंक्स’ हा उपक्रम आठवा. 2007 मध्ये खास किशोरींसाठी काढलेली ती पुस्तके चांगली होती, ‘द प्लेन जेन्स’ तर मला फार आवडते. तरीही किशोरांच्या कादंबऱ्यांच्या फळीवर त्यांना जागा मिळाली नाही आणि 2008 मध्ये उपक्रम बंद पडला. तिथे चित्रण स्वच्छ होते, आणि तरीही पुस्तक मुलीच्या हाती पोचले नाही. पुण्यात माझ्या लहानपणी अमर चित्र कथेचे अंक रेल्वे स्थानकावरच्या स्टॉलवर टांगलेले असत आणि गाडीची वाट पाहताना आजी एखादा घेऊन देई. ते मुलांचे की मुलींचे, असे कोणी विचारत नसे.

शाईची बाटली

‘मिंक्स’बाबत सहमत. तरी 2014 च्या ‘मिस मार्व्हल’कडे मी बोट दाखवीन. तिची नायिका जर्सी सिटीतली कमला खान, म्हणजे रेघोटीताई, तुमच्याच राज्यातली. लेखिका जी. विलो विल्सन, संपादिका सना अमानत. कमला पोहताना अंगभर घालायच्या बुर्किनीतून आपला पोशाख स्वतः बनवते आणि घरी आई-वडिलांची बोलणी खाते. हा अंक त्याच दुकानांतून निघाला, पुनःपुन्हा छापावा लागला, आणि त्याच्या पहिल्या संग्रहाला 2015 मध्ये विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. दुकान तेच होते, रेघोटीताई. कागदावरची मुलगी बदलली होती.

रेघोटी

तो संग्रह आमच्या घरी आहे. मुलीने तो सार्वजनिक वाचनालयातून आणून वाचला आणि मग स्वतःची प्रत मागितली. ती घ्यायला आम्ही पुस्तकांच्या दुकानात गेलो, कारण कॉमिक्सच्या दुकानात यायला ती तयार नव्हती.